गल्ल्यावरचा मांडलिक

‘फ्रँचायझी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी ‘मोकळा’ असा अर्थ आहे. राजाने एखाद्या माणसाला किंवा गावाला करातून, चाकरीतून सूट दिली की त्या सवलतीला हे नाव असे. शब्दांच्याही पत्रिकेत शनी असतो. आज हीच मोकळीक विकत घ्यायला गेलेल्या माणसापुढे चाळीस पानांचा इंग्रजी करार येतो. दुकान चहाचे असेल तर पाटीचा रंग, पाटीची लांबी-रुंदी, भिंतीवरच्या टाइल, पोऱ्याचा टी-शर्ट, कपावरचे बोधचिन्ह, पावडरीचे माप आणि उकळीची मिनिटे त्यात ठरलेली असतात. चहा पावडर कंपनीकडूनच घ्यायची. कंपनीला विचारल्याशिवाय शेजारी खारीची बरणी ठेवायची नाही. भाव वाढवायचा नाही, कमी तर त्याहून करायचा नाही. गल्ल्यावर कॅमेरा, त्याचे चित्र मुख्य कार्यालयात. बिलाचे यंत्र असे, की इथे कप खपला की तिथे कळते. बारशाला किंवा बाराव्याला दुकान बंद ठेवायचे तर आठ दिवस आधी मेल टाकायचा. बारशाचे जमते, मरणाऱ्याने मात्र थोडी आधी कल्पना द्यावी लागते. हे सगळे मान्य करून, प्रत्येक पानावर सही करून आणि वर आठ लाख भरून माणूस बाहेर येतो आणि जो पहिला मित्र भेटेल त्याला सांगतो, “आता कुणाची ताबेदारी नको. स्वतःचं काहीतरी सुरू केलं.”

त्यात स्वतःचे बरेच असते, हे खोटे नाही. दुकानाचा भाडेकरार स्वतःचा, डिपॉझिट स्वतःचे, कर्ज स्वतःचे. शॉप अॅक्ट आणि अन्नपरवाना स्वतःच्या नावावर, त्यामुळे चहात माशी निघाली तर नोटीसही स्वतःलाच. परके काय ते फक्त नाव, चव, भाव, पावडर आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर. अशा माणसासाठी आपल्या इतिहासात एक नेमका शब्द आहे: मांडलिक. आपल्या गावात त्याने अंबारीत बसावे, मुजरे घ्यावेत, दसऱ्याला सोने लुटावे. नाणे मात्र सम्राटाच्या नावाचे आणि खंडणी वेळच्या वेळी. मांडलिक होण्यात कमीपणा नाही. कित्येक घराणी त्यात पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदली. घोटाळा होतो तो मांडलिकाने स्वतःला सार्वभौम समजले की. फ्रँचायझीत पैसा बुडाला अशी जी रड ऐकू येते तिच्यात कंपनीचा लबाडपणा किती आणि हा गैरसमज किती, याचा हिशेब कुणी मांडत नाही. माझ्या मते गैरसमजाचा वाटा मोठा निघेल.

खंडणीचा विषय निघाला आहे तर तो आधी संपवू. फ्रँचायझीच्या भाषेत तिला ‘रॉयल्टी’ म्हणतात, आणि राजेशाहीशी आपले नाते असे उघडपणे सांगणारा दुसरा व्यापारी शब्द सापडणार नाही. मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही. फक्त तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला होता. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे वर आणखी १० टक्के. दोन्ही वसूल व्हायच्या महसुलावर. सुभेदाराच्या हाती शेवटी काय उरले, याची विचारपूस त्यात नव्हती. आजची रॉयल्टी चार-पाच-आठ टक्के, म्हणजे चौथाईपुढे अगदीच सोज्वळ. पण तत्त्व तेच. ती विक्रीवर घेतात, नफ्यावर नाही. एवढ्या एका वाक्यात फ्रँचायझीचे निम्मे शास्त्र येते. तुम्ही तोट्यात दहा हजारांचा चहा विकला तरी कंपनीचा हिस्सा दहा हजारांवर. म्हणून ‘एकावर एक फ्री’ची कल्पना नेहमी मुख्य कार्यालयाला सुचते, गल्ल्यावर बसलेल्याला कधीच नाही. विक्री वाढली की कंपनीचे वाढते. फुकटचा कप कुणाच्या दुधातला, हा प्रश्न गल्ल्यापाशीच मिटतो. शिवाय चौथाई भरणाऱ्याला निदान एवढी हमी होती की मराठी फौज आपल्यावर चालून येणार नाही, आणि सनदेच्या बदल्यात १५ हजार स्वार बादशहाच्या दिमतीला ठेवायचे होते. रॉयल्टी भरणाऱ्याच्या करारात हद्दीचे कलम नसेल तर पुढच्या चौकात त्याच कंपनीची दुसरी शाखा येऊन बसते आणि उद्घाटनाचे पेढे आणून देते.

या विद्येचे आद्यपीठ अर्थात अमेरिका. मॅकडोनाल्ड बंधूंचे कॅलिफोर्नियातले दुकान पाहून रे क्रॉकने १९५५ मध्ये इलिनॉयमध्ये आपले पहिले दुकान उघडले आणि इतरांना ९५० डॉलरमध्ये परवाने विकायला काढले. विक्रीवर १.९ टक्के घ्यायचे, त्यातला अर्धा टक्का बंधूंना. एवढ्या नम्र खंडणीवर साम्राज्य चालेना. तेव्हा हॅरी सोनबॉर्न नावाच्या सहकाऱ्याने सुचवले की बर्गरवाल्याकडून बर्गरचे काय मागता, जागा आपण धरा आणि त्याला भाड्याने द्या. कंपनी घरमालक झाली आणि मग खऱ्या अर्थाने श्रीमंत झाली. रॉयल्टी चुकवता येईल, हुज्जत घालता येईल. घरमालकाशी हुज्जत घालून माणूस राहणार कुठे? पुण्या-मुंबईच्या भाडेकरूला हे समजायला सोनबॉर्नची गरज नाही. १९६१ मध्ये क्रॉकने दोघा भावांना २७ लाख डॉलर देऊन मोकळे केले. म्हणजे या सगळ्या कहाणीत फ्रँचायझी या शब्दाचा मूळ अर्थ लागू पडला तो फक्त त्या दोघांना.

आता हिशेब. आकडे उदाहरणाचे आहेत. ज्याने त्याने आपल्या चौकातले घालावेत. चहा १२ रुपये, जीएसटी आतच धरलेला. दिवसाला ६०० कप, महिन्याचे तीस दिवस, गल्ला २ लाख १६ हजार. माहितीपत्रकात हिशेब इथून थेट ‘भरघोस नफा’ या शब्दावर उडी मारतो. आपण मधल्या पायऱ्या चढू. दूध दिवसाला ३३ लिटर, महिन्याला साधारण ६० हजार. साखर साडेसहा हजार. पावडर कंपनीच्या भावाने साडेएकवीस हजार. कागदी कप ९ हजार, गॅस ११ हजार. इतके झाले १ लाख ८ हजार, म्हणजे कपामागे ६ रुपये गेले. भाडे ३५ हजार, दोन पोरांचा पगार आणि जेवणखाण-खोली मिळून ३६ हजार, वीज ४ हजार. उरले ३३ हजार. वर्षाची विक्री २० लाखांच्या वर गेली म्हणून जीएसटी लागू. ५ टक्क्यांचे सुमारे १० हजार सरकारला. रॉयल्टी ५ टक्के, तिच्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, मिळून साधारण १२ हजार. इथे एक बारीक गंमत आहे. खानपानाच्या धंद्याला ५ टक्क्यांची सवलत मिळते ती भरलेला कर वळता करून घेण्याचा हक्क सोडून. त्यामुळे रॉयल्टीवरचे ते १८ टक्के कुठूनही परत येत नाहीत. उरले ११ हजार. आठ लाख कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले असेल तर हप्ता १७ हजार ८००. म्हणजे महिन्याला पावणेसात-सात हजारांचा खड्डा, आणि दुकानातल्या तीन माणसांत सर्वांत कमी पगार शेठचा. पोरे सुट्टीला गावी जाताना त्याच्याकडून उचल घेऊन जातात. उचल कुणाकडून घ्यावी, हा शेठचा स्वतःचा प्रश्न.

यावर कंपनीचा प्रतिनिधी म्हणेल (तो नेहमी इस्त्रीच्या निळ्या शर्टात असतो आणि तुम्हाला ‘सर’ म्हणतो), सर, सहाशेच का धरता, हजार धरा. धरू. हजार कपांना गल्ला ३ लाख ६० हजार, माल १ लाख ८० हजार, एक पोरगा वाढला तर बाकी खर्च ९३ हजार. उरतात ८७ हजार. जीएसटी, रॉयल्टी आणि हप्ता जाऊन ३२ हजारांच्या आसपास. वाईट नाही. ‘फ्रँचायझी चालते का’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. ६०० कपांना ती कर्जबाजारी करते आणि हजार कपांना संसार चालवते. पण मधले ४०० कप कुठून येणार? चव कंपनीची, पण स्टँडच्या तोंडाशी असलेला गाळा, समोरचे कॉलेज, शेजारचे तहसील कार्यालय, दुचाकी लावायला जागा या गोष्टी कराराच्या चाळिसातल्या एकाही पानावर मिळत नाहीत. जागा तुम्ही शोधायची, भाडे तुम्ही ठरवायचे, आणि जागा चुकली तर ‘लोकेशन प्रॉब्लेम’ असा शेरा मुख्य कार्यालयाच्या वहीत तुमच्या नावापुढे पडतो. ज्याला असा हजार कपांचा कोपरा सापडला, त्याने तिथे बिननावाची टपरी टाकली तरी ८०० कप कुठे जात नाहीत. कंपनीला दिलेल्या पैशाचा खरा भाव काढायचा तर नावामुळे वाढलेले कप वेगळे मोजायला हवेत.

‘आम्ही रॉयल्टी घेतच नाही’ असे सांगणाऱ्या कंपन्याही पुष्कळ आहेत, आणि चहात त्यांचाच सुळसुळाट जास्त. ऐकून माणूस भारावतो. त्याने पावडरीच्या पाकिटाकडे पाहावे. ती बाहेरून घ्यायला बंदी का, याचे उत्तर ‘चव राखण्यासाठी’ असे मिळते आणि ते थोडेफार खरेही असते. बाकीचे उत्तर पाकिटाच्या मागच्या बाजूला, किमतीच्या चौकटीत. चौथाई पालखीतून गेली काय आणि गोणीतून गेली काय, पोचते तिथेच.

या गोंधळात अमूलचे दुकान हा एक रुक्ष आणि म्हणूनच प्रामाणिक नमुना आहे. तिथे रॉयल्टी नाही, नफ्यात वाटा नाही. पिशवीच्या दुधावर अडीच टक्के, दुधाच्या पदार्थांवर १०, आइस्क्रीमवर २० टक्के, असा छापील किमतीवरचा दुकानदाराचा वाटा उघड सांगितलेला असतो. आकडे इतके नीरस की त्यावर स्वप्न बांधता येत नाही. पहाटे चारला उठून क्रेट उतरवायचे, हे ज्याला कळले त्यालाच ते दुकान परवडते. मांडलिकाला खंडणीचा आकडा आणि सूर्योदयाची वेळ आधी सांगणारा सम्राट विरळाच. त्याच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून लोकांकडून ‘नोंदणी शुल्क’ उकळणारे भामटे मात्र विरळ नाहीत.

आता फ्रँचायझीच्या बाजूचे खरे बळ कशात आहे ते पाहू, कारण ते ‘ब्रँड’मध्ये नसून स्वयंपाकघरात आहे. स्वतंत्र हॉटेल काढणारा मराठी माणूस ज्याच्या भीतीने रात्री जागा राहतो तो इन्कम टॅक्सवाला नव्हे, तो आचारी. आचारी गणपतीत गावी जातो आणि तिथून त्याला मलेरिया झाल्याचा फोन येतो. तो परत येतो तेव्हा समोरच्या हॉटेलात. बटाटावड्याची चव त्याच्या हातात, तो हात त्याच्या खिशात, आणि मालक त्याच्या मुठीत. म्हणजे स्वतंत्र धंदेवाला सार्वभौम असतो हाही भ्रमच. तो आचाऱ्याचा मांडलिक. फ्रँचायझीने सोडवलेला प्रश्न हा. वडापावचे जनकत्व ज्यांना दिले जाते त्या अशोक वैद्यांनी १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर गाडी लावली, तेव्हा वडा हाताने वळायचा होता. २००१ मध्ये मालाडला जम्बोकिंग आले, २००४ मध्ये कल्याणला गोली; वड्याचा आकार-वजन नेमून दिलेले, माल कारखान्यातून बांधून आलेला, गोलीचा तर गोठवलेला. दुकानातल्या पोराने तो घड्याळ लावून तळायचा. खवय्यांनी नाक मुरडले. पण त्या पोराला दोन दिवसांत शिकवता येते, तो गेला तर तिसऱ्या दिवशी दुसरा उभा करता येतो, आणि मालकाच्या सासूच्या वर्षश्राद्धालाही वडा तसाच लागतो. ज्याला स्वयंपाकातले ओ की ठो कळत नाही पण हिशेब, स्वच्छता आणि वेळ पाळता येते, त्याला हे मोल मोठे आहे. त्यासाठी टक्केवारी द्यावी लागली तर मी ती आचाऱ्याच्या उचलीपेक्षा स्वस्त धरीन.

मात्र हे आम्हाला फ्रँचायझीनेच शिकवले, असे तिच्या भाटांनी म्हणू नये. नाव आणि पद्धत पसरवण्याची आपली एक जुनी रीत होती आणि तिच्यात करार, रॉयल्टी, निळा शर्ट यांपैकी काही नव्हते. पुण्याची अमृततुल्ये पाहा. राजस्थान-गुजरातकडून आलेल्या कुटुंबांनी पितळी पातेले, खलबत्त्यात कुटलेले आले-वेलदोडे आणि पाटीवर देवाचे नाव एवढ्या भांडवलावर ती उभी केली. देव ज्याचा त्याचा, ‘अमृततुल्य’ मात्र सगळ्यांचे. आपल्याकडच्या जुन्या हॉटेलांतून विद्या अशी नात्यानेच पसरली: गावाकडचा भाचा आला, चार वर्षे कपबशा विसळल्या, दोन वर्षे पातेल्यापाशी उभा राहिला आणि मग मामाच्या ओळखीने दुसऱ्या पेठेत त्याने आपले दुकान घातले. प्रवेश शुल्क म्हणून सहा वर्षे द्यायची, पैसे नाहीत. आजचा उमेदवार आठ लाख देऊन ती सहा वर्षे वाचवतो आणि त्याऐवजी सहा दिवसांचे प्रशिक्षण घेतो. सौदा वाईट म्हणवत नाही. फक्त सहा वर्षांत भाच्याला कळायचे की हा धंदा आपल्याला झेपत नाही, आणि ते कळायला त्याच्या बापाची जमीन विकावी लागत नसे.

‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीचाही इथे पुनर्विचार व्हायला हवा. तिला आजवर आपण विनोदात काढले. पण ती लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळली होती: दुसऱ्याने बिघडवलेला चहा माझ्या नावावर नको. शाखा निघाल्या की नावाची इभ्रत सगळ्यांत दुबळ्या शाखेएवढीच उरते. नाशिकच्या शाखेतल्या कळकट भांड्याची चित्रफीत फिरली की गिऱ्हाईक तुटते सांगलीत, आणि सांगलीच्या मांडलिकाने भांडी कितीही लख्ख घासली तरी त्याला कुणी विचारत नाही. जाहिरातीत ‘आमचे नाव, तुमचा फायदा’ असे लिहितात ते अर्धेच आहे. दुसरा अर्धा भाग आहे ‘त्यांची चूक, तुमचा तोटा’.

नावाबरोबर यंत्रेही येतात, आणि तिथे तर सार्वभौमत्वाची परीक्षाच. अमेरिकेत मॅकडोनाल्डच्या दुकानांतले आइस्क्रीमचे यंत्र बंद असणे हा राष्ट्रीय विनोद आहे. कुठल्या गावात आज बंद आहे हे दाखवणारे संकेतस्थळ एका हौशी माणसाने काढले. यंत्राला सॉफ्टवेअरचे कुलूप, उघडायचे ते बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाने. दुकानदाराने पैसे देऊन घेतलेले यंत्र त्याच्याच दुकानात, आणि त्याने त्याला पाना लावायचा नाही. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने अशा यंत्रांची डिजिटल कुलपे दुरुस्तीपुरती उघडण्याची मुभा दिली. आपल्याकडे फ्रिज बिघडला की कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला हाक मारतात; करार वाचताना त्या मिस्त्रीची आठवण ठेवावी.

कुणी म्हणेल, कायदा आहे की नाही? अमेरिकेत आहे. तिथे १९७९ पासून फ्रँचायझी विकणाऱ्याला आपली कुंडली लेखी द्यावी लागते: आजच्या नियमाने तेवीस प्रकरणांची, सही करण्याच्या किमान चौदा दिवस आधी. तीत कोर्टकज्जे येतात, दिवाळखोरी येते, आणि विसाव्या प्रकरणात किती दुकाने उघडली, किती मिटली, सोडून गेलेल्यांची नावे कोणती, हेही येते. भारतात फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. भांडण झाले की १८७२चा करार कायदा, १९९९चा ट्रेडमार्क कायदा अशा इकडच्या तिकडच्या कायद्यांवर भागवायचे. १८७२ साली मॅकडोनाल्ड बंधूंचा जन्मही झालेला नव्हता. गंमत अशी की त्या म्हाताऱ्या कायद्यातले सत्ताविसावे कलम मांडलिकाच्या बाजूने उभे राहते: करार संपल्यावर दोन वर्षे चहाच विकायचा नाही, असली अट कोर्टात सहसा टिकत नाही. पण ती टिकत नाही हे कोर्टाकडून लिहून घेण्याचा खर्च सहाशे कपांच्या दुकानातून निघत नाही, हे कंपनीच्या वकिलाला ठाऊक असते.

वकील दारी बांधलेल्यांचे तरी काय होते? मॅकडोनाल्ड १९९६ मध्ये भारतात आले. उत्तर आणि पूर्व भारतातल्या भागीदाराशी २०१३ पासून बिनसले, २०१७ मध्ये १६९ दुकानांचा परवाना काढून घेतला गेला, आणि २०१९ मध्ये भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन तडजोड झाली. तोवर कुठले दुकान उघडे आणि कुठले बंद, हे बर्गर खाणाऱ्या पोरांना वर्तमानपत्रातून कळत होते. क्रिकेटच्या आयपीएलमध्येही संघाला फ्रँचायझीच म्हणतात. २०१० मध्ये सहाराने पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरला घेतला. पुढे त्यांचे म्हणणे पडले की बोली ९४ सामन्यांच्या हिशेबाने लावली आणि सामने मिळाले कमी. शुल्कावरून वाद, बँक हमी वटवली गेली, आणि २०१३ मध्ये पुणे वॉरियर्सनी शस्त्रे खाली ठेवली. एवढ्या मोठ्या घराण्याचेही गाऱ्हाणे ‘सांगितले होते हजार कप, निघाले सहाशे’ हेच होते.

विकणाऱ्याच्या पोतडीतले आणखी एक खेळणे राहिले. दुकान तुमचे आणि चालवायचे तुम्ही, ते फोफो. पैसे तुमचे पण चालवणार कंपनी, ते फोको. सगळेच कंपनीचे, ते कोको. ही इंग्रजी आद्याक्षरे आहेत, पण ऐकताना एखाद्या घरातली तीन लाडावलेली नातवंडे वाटतात. त्यातल्या फोकोपासून जपावे. ‘तुम्ही घरी बसा, महिन्याला ठरावीक रक्कम खात्यावर येईल’ असे त्यात सांगतात, आणि निवृत्तीची रक्कम हाती आलेल्या किंवा चाकण-हिंजवडीकडे जमीन विकलेल्या माणसाला ते गोड लागते. पण घरी बसून ठरावीक रक्कम देण्याचे काम बँकेची मुदत ठेव अधिक इमानाने करते, आणि तिच्या पाटीचा रंग तुम्हाला द्यावा लागत नाही.

तर मग घ्यावी कुणी? ज्याला हुकूम पाळायला आवडते त्याने. चांगला हेडक्लार्क, सैन्यातून निवृत्त झालेला सुभेदार, बँकेत तीस वर्षे कॅश जुळवलेला माणूस यांच्या हाती हे दुकान उजळते, कारण माप म्हणजे माप आणि वेळ म्हणजे वेळ हे त्यांच्या रक्तात असते. असा माणूस एकाची तीन दुकाने करतो आणि मग कंपनीच त्याला बिचकून वागते. मांडलिक बळावला की दरबारात खुर्ची पुढे सरकते. ज्याला चहात गवती चहा घालून बघावासा वाटतो, भिंतीवर भीमसेनांचा फोटो लावावासा वाटतो, ओळखीच्या म्हाताऱ्याला उधारीवर दोन कप द्यावेसे वाटतात, त्याने या वाटेला जाऊ नये. त्याने आपली टपरी टाकावी, तिच्यावर आजीचे नाव घालावे आणि बुडायचेच तर स्वतःच्या चवीने बुडावे. तीही आठ लाखांच्या निम्म्यात बुडते.

आणि तरीही सही करायचीच असेल तर त्याआधी दोन कामे करा. त्या कंपनीच्या, उद्घाटन होऊन वर्ष उलटलेल्या तीन दुकानांसमोर दुपारी तीन ते पाच उभे राहून कप मोजा. सकाळी आठला सगळीच दुकाने चालतात. मग मुख्य कार्यालयात जाऊन गेल्या वर्षी बंद पडलेल्या दुकानांच्या मालकांचे फोन नंबर मागा. अमेरिकेत ते द्यावे लागतात, आपल्याकडे मागावे लागतात. दिले, तर त्यातल्या दोघांशी बोलून काय ते ठरवा. नाही दिले, तर त्यांनी समोर ठेवलेला चहा प्या आणि घरी या. तेवढा एक कप तरी कंपनीच्या खर्चाने झाला.